मागावरचं पॉलिएस्टर, महाधमनीतलं पॉलिएस्टर : सोलापुरात हे संशोधन एकत्र वाचायला कोण कोण येणार?

माग_आणि_रेणू

मंडळी नमस्कार,

आपल्या गावात सूत कळणारी माणसं घरोघरी आहेत. काउंट, डेनियर, पीळ, ताण्याला किती तार, बाण्याला किती, हे पूर्व भागातल्या शाळकरी पोरालाही सांगता येतं. पण हेच सूत माणसाच्या शरीरात शिरतं तेव्हा त्याचं पुढं काय होतं, यावर गेली सत्तर-पंच्याहत्तर वर्षं जगात काम चाललंय आणि त्याची चर्चा आपल्या गावात जवळजवळ होत नाही. ती व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून हा धागा.

'मॅक्रोमॉलिक्युलर बायोसायन्स' नावाचं एक जर्नल २००१ पासून निघतं. जीवशास्त्र आणि वैद्यकातले पॉलिमर हा त्याचा विषय. जखमेवर बसवायचे जेल, शरीरात हळूहळू औषध सोडणारे बारीक कण, पेशी वाढवायला दिलेले सच्छिद्र सांगाडे, जंतूंना चिकटू न देणारे लेप, असं सगळं त्यात येतं. या जर्नलचं घराणं जुनं आहे. हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडलं की रबर किंवा सेल्युलोज म्हणजे लहान रेणूंचा नुसता पुंजका नव्हे. हजारो दुवे खऱ्या रासायनिक बंधांनी जोडून झालेली ती एकच लांब साखळी आहे. त्या काळातल्या मोठमोठ्या रसायनतज्ज्ञांना हे पटलं नाही. श्टाउडिंगर मागं हटले नाहीत. १९४७ मध्ये त्यांनी फक्त या महारेणूंसाठी वेगळं जर्नल काढलं आणि १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज त्याच घराण्याची एक शाखा वैद्यकाकडं वळली आहे.

आता सोलापूरचा संबंध कुठं येतो ते सांगतो. १९४७ मध्ये आर्थर व्होरीज नावाच्या तरुण शल्यवैद्याला प्रयोगातल्या कुत्र्याच्या हृदयात एक रेशमी टाका राहिलेला दिसला. त्या धाग्यावर शरीरानं स्वतःचं चकचकीत अस्तर चढवलं होतं. धाग्यावर अस्तर चढतं तर कापडाच्या नळीवर का चढणार नाही, असा विचार त्यांनी केला आणि १९५२ मध्ये त्यांच्या गटानं विनयॉन नावाच्या कृत्रिम कापडाच्या नळ्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढं ह्यूस्टनला मायकेल डिबेकी दुकानात नायलॉन घ्यायला गेले, ते संपलं होतं, म्हणून डेक्रॉन घेऊन आले आणि शिवणयंत्रावर त्यांनी स्वतः नळ्या शिवल्या. डेक्रॉन म्हणजे आपलं पॉलिएस्टर. महाधमनी फुगून फुटायला आलेल्या माणसाला आजही पॉलिएस्टरची नळी बसवतात.

आपल्या देशातलं उदाहरण तर अजून जवळचं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची झडप तयार झाली, ती माणसात पहिल्यांदा डिसेंबर १९९० मध्ये बसवली गेली. तिची उघडझाप करणारी चकती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनची आहे, आणि झडप हृदयाला टाके घालून जोडायची ती कड पॉलिएस्टर कापडाची.

मी विद्यापीठातून पॉलिमर रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता घरचे टेरी टॉवेलचे माग बघतो. माझा प्रस्ताव साधा आहे. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी जमायचं. या विषयातला एकच शोधनिबंध घ्यायचा. त्याचं इंग्रजी ज्याला जमेल त्यानं मराठीत सांगायचं, आकृत्या सगळ्यांनी मिळून बघायच्या आणि प्रश्न विचारायचे. डॉक्टर, यंत्रमागवाले, विद्यार्थी, रुग्णांचे नातेवाईक, सगळे हवेत. कोण येणार?

अशोकचौक

बाळा, सगळं नीट वाचलं. माझी हयात मागावर गेली. मला एक सांग, आमच्याकडं जे पॉलिएस्टर यार्न येतं तेच जर रक्तवाहिनीत चालत असेल तर फरक कशाचा? दुसरं, ती नळी आपल्यासारखी ताणा-बाणा घालून विणतात का होजियरीसारखी? विणलेलं कापड कापलं की कड उसवते. आत शरीरात उसवली तर?

माग_आणि_रेणू

काका, हे दोन्ही प्रश्न थेट गाभ्याचे आहेत.

रेणू तोच, पॉलिएथिलिन टेरेफ्थॅलेट. पण आपल्या यार्नवर कारखान्यात स्पिन फिनिशचं तेल असतं, चमक कमी करायला आत टायटॅनियम डायऑक्साइड घातलेलं असतं, शिवाय आपण सायझिंगला खळ देतो. टॉवेलाला यातलं काहीच बाधत नाही. शरीरात मात्र यातलं जे जे सुटून बाहेर येईल ते रक्तात जाणार. म्हणून वैद्यकीय सुतात काय काय आहे याची लेखी नोंद लागते, विणल्यावर कापड पुन्हापुन्हा धुऊन काढावं लागतं, आणि त्यातून काय पाझरतं हे मोजून दाखवावं लागतं.

विणणं आणि निटिंग, दोन्ही प्रकार चालतात. विणलेली नळी घट्ट असते, रक्त कमी झिरपतं, पण ती कडक लागते आणि तुम्ही म्हणालात तशी कड उसवते. म्हणून शल्यवैद्य ती तापत्या कॉटरीनं कापत आलेत, म्हणजे कडेचं पॉलिएस्टर वितळून बंद होतं. निटिंगची नळी मऊ, टाके घालायला सोपी, पण तिच्यातून रक्त गळतं. पूर्वी रुग्णाचंच थोडं रक्त त्या नळीत घोळवून गोठवायचे, भोकं बुजली की मग नळी बसवायची. नंतर कारखान्यातच कोलॅजन किंवा जिलेटिनचा लेप देऊन नळ्या यायला लागल्या. तो लेप काही आठवड्यांत विरघळतो, तोवर शरीराची ऊती छिद्रांत शिरलेली असते. आणि नळीला चुण्या पाडलेल्या असतात, त्या वाकवल्यावर ती चिमटू नये म्हणून.

अशोकचौक

कॉटरीनं कड वितळवतात हे ऐकून बरं वाटलं. आम्ही सिंथेटिकची कड गरम तारेनं कापतो, तीच गोष्ट. मी येणार.

टाके_आणि_गाठी

मी शल्यचिकित्सक, सोलापुरातच काम करते. धागा उघडल्यापासून लिहू का नको असं चाललं होतं, पण काकांचे प्रश्न वाचून राहवलं नाही.

आमच्या हातात रोज पॉलिमर असतो, तो म्हणजे टाक्याचा दोरा. पूर्वी कॅटगट होता, जनावरांच्या आतड्यापासून केलेला. तो शरीरातली विकरं (एन्झाइम) पचवतात. एखाद्याच्या जखमेत जंतू झाले, सूज आली की तो ठरल्यापेक्षा लवकर पचायचा, आणि टाका नेमका हवा असताना ढिला पडायचा. १९७० च्या सुमारास पॉलिग्लायकोलिक आम्लाचा दोरा आला आणि १९७४ मध्ये व्हिक्रिल. त्यात ग्लायकोलाइड नव्वद भाग आणि लॅक्टाइड दहा भाग असतात. हा दोरा विकरांची वाट बघत नाही, नुसत्या पाण्यानं त्याची साखळी तुटत जाते. म्हणून त्याचा हिशोब बराच भरवशाचा. दोन आठवड्यांनी साधारण तीन चतुर्थांश ताकद शिल्लक, तीन आठवड्यांनी निम्मी, आणि ५६ ते ७० दिवसांत दोरा पूर्ण शोषला जातो. उरतं ते ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्ल, जे शरीर सहज मार्गी लावतं.

त्याच कारणानं या दोऱ्याचं पाकीट ओलावा न शिरणाऱ्या फॉइलचं असतं. उघडलेलं पाकीट 'नंतर वापरू' म्हणून ठेवायचं नसतं. हवेतली वाफ लागली की त्याचं विघटन तिथंच सुरू होतं. नव्या परिचारिकांना हे एकदा रसायनशास्त्रासकट समजावून सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही, हा माझा अनुभव.

आणि विणकरांसाठी खास. हर्नियाला आम्ही पॉलिप्रॉपिलिनची जाळी लावतो. कडा ओढून शिवण्यापेक्षा ताण न देता जाळी लावण्याची पद्धत लिख्टेनस्टाइन यांच्या गटानं १९८९ मध्ये मांडली आणि ती जगभर रुजली. या जाळीत छिद्र किती मोठं हे जीवावर बेतू शकणारं माप आहे. जंतू साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. त्याला खाणारी आपली पांढरी पेशी दहा मायक्रॉनपेक्षा मोठी. छिद्र या दोघांच्या मधलं असेल तर जंतू आत जाऊन बसतो आणि पेशी बाहेरच अडते. म्हणून ७५ मायक्रॉनहून मोठ्या छिद्रांची जाळी पसंत करतात. त्यातून पेशीही जातात आणि नव्या रक्तवाहिन्याही. पीळ घातलेल्या, अनेक तारांच्या दोऱ्याचं तेच. तारांच्या मधल्या फटीत जंतू लपतात आणि ओल दोऱ्यातून आत ओढली जाते. संसर्ग झालेल्या जखमेत म्हणून आम्ही एकतारी दोरा घेतो.

रविवारी ड्यूटी नसेल तर नक्की येईन.

विडी_घरकुल

ताई, जाळीच्या छिद्राचं जे सांगितलं ते अक्षरशः डोळ्यांसमोर उभं राहिलं. आमच्या घरात तिघंजण मागावर आहेत, सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आई तेलुगूत समजावून सांग म्हणाली, तेही केलं.

भीमाकाठ

मी पंढरपूरजवळचा. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, भिंग बसवलंय. गावात एकानं सांगितलं की हे प्लास्टिकचं भिंग दहा वर्षांत विरतं, मग पुन्हा काढावं लागतं. आईनं तेव्हापासून धसका घेतलाय. हे खरं आहे का? इथं विचारलं तर चालेल ना?

टाके_आणि_गाठी

दादा, अवश्य विचारा. मी नेत्रतज्ज्ञ नाही, तरी एवढं खात्रीनं सांगते : भिंग विरत नाही. आईंना निर्धास्त राहू द्या. काही वर्षांनी पुन्हा धूसर दिसायला लागलं तर बहुतेक वेळा भिंगामागचा नैसर्गिक पडदा गढुळलेला असतो. तो बाह्यरुग्ण विभागातच लेझरनं मोकळा करतात, भिंगाला हात लावावा लागत नाही. असं वाटलं तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा.

माग_आणि_रेणू

भीमाकाठ, आईंना ही गोष्टही सांगा. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. हॅरोल्ड रिडली यांनी अशा जखमी वैमानिकांवर उपचार केले. त्यांच्या लक्षात आलं की हे तुकडे डोळ्यात राहिले तरी डोळा बंड करत नाही. त्यावरून त्यांनी त्याच पदार्थाचं भिंग करायचं ठरवलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनला ते पहिल्यांदा बसवलं. अनेक नेत्रतज्ज्ञांनी त्यांना कडाडून विरोध केला, कित्येक वर्षं केला. आणि आपल्याकडं हे भिंग गरिबाला परवडायला लागलं त्यात मदुराईच्या ऑरोलॅबचा वाटा फार मोठा. १९९२ मध्ये अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मंडळींनी ती सुरू केली, कारण परदेशी भिंगाची किंमत आपल्या रुग्णाच्या आवाक्यात नव्हती.

भीमाकाठ

आईला वाचून दाखवलं. वैमानिकांची गोष्ट तिला फार आवडली. सगळ्यांचे आभार.

शंका_विचारा

चांगल्या कामात आडवा येत नाही, पण एक गोष्ट बोलायला हवी. मी औषध क्षेत्रात नोकरी केली आहे. अशा जर्नलमधला जवळजवळ प्रत्येक निबंध 'आशादायक' या शब्दावर संपतो. त्यातलं माणसापर्यंत किती येतं? विरघळणाऱ्या स्टेंटचं, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात त्या जाळीदार नळीचं, काय झालं बघा. पॉलिलॅक्टिक आम्लाचा 'ॲब्सॉर्ब' २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. कल्पना सुंदर होती : धातूचा पिंजरा जन्मभर ठेवायला नको, काम झालं की विरघळून जाईल. २०१७ मध्ये विक्री बंद करावी लागली, कारण धातूच्या स्टेंटपेक्षा त्यात गुठळ्या जास्त होत होत्या. सामान्य माणसांनी असे निबंध वाचून खोट्या आशा बांधू नयेत, एवढीच माझी काळजी.

माग_आणि_रेणू

तुमची काळजी रास्त आहे, आणि मला वाटतं त्याच काळजीसाठी हे वाचायला हवं. 'ॲब्सॉर्ब' का अडखळला हे सुद्धा निबंधांतूनच बाहेर आलं. पॉलिलॅक्टिक आम्ल धातूइतकं मजबूत नाही, म्हणून पिंजऱ्याच्या काड्या जाड, सुमारे १५० मायक्रॉन ठेवाव्या लागल्या. चांगल्या धातूच्या स्टेंटमध्ये त्या जवळपास निम्म्या जाडीच्या असतात. जाड काडीभोवती रक्ताचा प्रवाह घोटाळतो. आता पुढचं काम पातळ काड्यांकडं वळलंय.

मला यात जॉन चार्न्ली यांचं उदाहरण सगळ्यात मोलाचं वाटतं. इंग्लंडमध्ये कृत्रिम खुब्याच्या वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन वापरलं. घसरडं, कशालाच न चिकटणारं, कागदावर अगदी बिनतोड. दोन-तीन वर्षांतच ते झिजायला लागलं, आणि झिजलेल्या भुकटीनं रुग्णांच्या सांध्यात भयंकर दाह झाला. चार्न्लींनी त्या भुकटीचा परिणाम तपासायला ती स्वतःच्या मांडीत घालून घेतली. १९६२ मध्ये ते अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनकडं वळले आणि खुब्याची शस्त्रक्रिया खऱ्या अर्थानं तेव्हा उभी राहिली. अखंड तुकडा शरीराला चालतो म्हणून त्याची भुकटीही चालेल असं नाही, हा धडा आजही प्रत्येक नव्या पॉलिमरला लावला जातो. अपयश सविस्तर लिहून ठेवणारा माणूस मला यशस्वी माणसाइतकाच मोठा वाटतो.

शंका_विचारा

मग अपयशाचा एक निबंध दर तीन-चार महिन्यांनी ठेवा. तो मी समजावून सांगतो.

प्रयोगवही

मी पीएच.डी. करतेय, जखमेच्या ड्रेसिंगसाठी काइटोसानची फिल्म हा माझा विषय. कोळंबी-खेकड्याच्या टरफलात कायटिन असतं, त्याला अल्कलीची प्रक्रिया दिली की काइटोसान मिळतं. आम्लात विरघळल्यावर त्याच्यावर धन भार येतो, म्हणून ऋण भाराच्या रक्तपेशींना आणि जंतूंच्या आवरणाला ते धरतं. रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांत त्याचा वापर होतो तो यामुळं.

शंका_विचारा सर म्हणतात त्याला धरूनच लिहिते. निबंध वाचताना कुठं बोट ठेवायचं हे आम्हाला कुणी नीट शिकवलं नव्हतं, हळूहळू शिकतोय. माझ्याच विषयातलं बघा. 'आमची काइटोसान फिल्म जंतू मारते' असा निष्कर्ष आणि ताटलीत जंतू नसलेल्या वर्तुळाचा फोटो, असे निबंध ढिगानं आहेत. पण फिल्म करताना काइटोसान ॲसिटिक आम्लात विरघळवलेलं असतं. ते आम्ल पूर्ण धुऊन काढलं होतं का? नसेल तर जंतू काइटोसाननं मेले का नुसत्या आम्लानं? आम्ल आहे पण काइटोसान नाही, असा तुलनेचा नमुना त्यांनी ठेवला होता का? पुष्कळ निबंधांत तो सापडत नाही. जिथं सापडतो तो निबंध मी छापून वहीत चिकटवते.

दुसरं, 'पेशींना अपाय नाही' हे वाक्य. त्यासाठी आयएसओ १०९९३ नावाची मानकं आहेत. त्यातल्या पाचव्या भागाप्रमाणे पदार्थाच्या अर्कात ठेवलेल्या पेशींपैकी सत्तर टक्क्यांहून कमी जिवंत राहिल्या तर तो पदार्थ पेशींना घातक धरतात. म्हणजे निबंधात ७२ टक्के आकडा असला तरी लेखक 'सुरक्षित' लिहू शकतो. आकडा बघायचा, विशेषण सोडून द्यायचं.

तिसरी गोष्ट मनाला लागलेली आहे. दर आठवड्याला मेल येतात : पैसे भरा, चार दिवसांत निबंध छापतो. परीक्षण झालं असं लिहितात, पण निबंध कुणी वाचलेलाच नसतो. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट निबंध ३०४ जर्नलना पाठवला होता, १५७ जणांनी तो स्वीकारला. मान्य जर्नलांची यूजीसीची केअर यादी होती, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता जर्नल चांगलं का वाईट हे ज्याचं त्यानं ओळखायचं. माझ्यासोबतच्या हुशार मुली या जाळ्यात अडकताना बघितल्यात, फार वाईट वाटतं. म्हणून चांगलं जर्नल कसं असतं हे आधी हातात घेऊन बघायला मिळणं ही आम्हा विद्यार्थ्यांची गरज आहे.

कार्ड_कॅटलॉग

आयुष्यभर ग्रंथपाल होते, आता निवृत्त. पोरी, तुझ्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के सहमत.

पूर्वी असं एखादं परदेशी जर्नल वर्षभर घ्यायचं म्हटलं तरी छोट्या कॉलेजचं ग्रंथालयाचं बजेट संपायचं. आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्राची योजना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं ती मंजूर केली. २०२५, २६ आणि २७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. तीस प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल, आणि ६,३०० च्या वर सरकारी संस्था. वर ज्या 'मॅक्रोमॉलिक्युलर बायोसायन्स'चं नाव घेतलंय त्याचे प्रकाशक वायली, तेही या तीसात आहेत. तेव्हा विद्यापीठात किंवा शासकीय महाविद्यालयात शिकत असाल तर आधी तुमच्या ग्रंथपालांकडं जा आणि लॉगिन मागा. मुलांना हे माहीतच नसतं. लाजू नका, ते आमचं कामच आहे.

अडचण खासगी कॉलेजांची. योजना सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. बाकीच्यांनी दोन वाटा धराव्यात. काही निबंध मुक्त प्रवेशाचे असतात, ते कुणालाही फुकट वाचता येतात. आणि जो निबंध बंद आहे त्याच्या लेखकाला सरळ पत्र लिहावं. निबंधावर संपर्काचा पत्ता छापलेला असतो आणि मागणाऱ्याला प्रत पाठवायला बहुतेक संशोधकांना आनंदच होतो. आपल्या बैठकीसाठी मुक्त प्रवेशाचेच निबंध निवडू या, म्हणजे छापून वाटायला कुणाची परवानगी अडणार नाही. जागेसाठी मी हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करते.

सातरस्ता

+१. मी येणार, सोबत दोन मित्र.

टाके_आणि_गाठी

पहिल्या निबंधाचा विषय सुचवते : मधुमेही पायाच्या जखमेसाठी हायड्रोजेल. कारण अगदी इथलं आहे. कोजागरीला आपल्याकडून किती माणसं तुळजापूरला अनवाणी चालत जातात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात मधुमेही असतात. पायाची संवेदना गेलेली, त्यामुळं फोड आला, फुटला, खडा रुतला, काही कळत नाही. आठवडाभरानं दवाखान्यात येतात तेव्हा जखम हाडाच्या दिशेनं निघालेली असते. देवीला जायचं तर जा, मी कुणाच्या श्रद्धेच्या आड येत नाही, पण मधुमेह असेल तर पायात काहीतरी घाला आणि रोज रात्री तळवा आरशात बघा, ही कळकळीची विनंती इथंही करून ठेवते.

जखम कोरडी पडू द्यायची हा जुना समज. थोडी ओलसर राहिली तर नव्या पेशी कडेकडून सरकत येतात आणि लवकर भरते. हायड्रोजेल त्यासाठी. त्याच्या साखळ्या पाण्यात विरघळत नाहीत, एकमेकींना बांधलेल्या असल्यानं पाणी पोटात घेऊन साबुदाण्यासारख्या फुगतात. कोरड्या जखमेला ते ओल देतं. फार वाहणाऱ्या जखमेला मात्र आम्ही अल्जिनेट किंवा फोम घेतो, ते स्राव शोषतात. म्हणून निबंधात 'जखमेवर उत्तम' असं वाचलं की पहिला प्रश्न : कसल्या जखमेवर? उंदराच्या पाठीवरची ताजी, स्वच्छ कापलेली जखम आणि आपल्या रुग्णाची तीन महिन्यांची जुनी जखम यांत खूप अंतर आहे. शिवाय उंदराची कातडी आकसून जखम मिटवते, माणसाची मुख्यतः नवी ऊती भरून. त्यामुळं उंदरातले दिवस मोजून माणसाचा अंदाज बांधता येत नाही.

प्रयोगवही

मॅडम, हा विषय घेतला तर सांगायची जबाबदारी माझी. जेलची जोडणी कशी होते इथपासून सुरू करते.

अशोकचौक

आता माझा पोटापाण्याचा प्रश्न. चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, अभिमान आहे, पण पूर्व भागात किती माग बंद पडले ते मी रोज बघायलोय. हे वैद्यकीय कापड आपल्याला जमेल का? रक्तवाहिनीची नळी नको, तेवढी उडी आमची नाही. पण काहीतरी?

माग_आणि_रेणू

काका, मला वाटतं जमेल, आणि सुरुवात आपल्या ओळखीच्या सुतानंच करावी. कापूस म्हणजे सेल्युलोज, तोही पॉलिमरच. श्टाउडिंगर ज्याच्यावरून भांडत होते त्यातलाच एक. गॉज आणि बँडेज हे कापसाचं. साध्या कापडात आणि शोषक गॉजमध्ये फरक धुण्याचा. कापसावर नैसर्गिक मेण असतं, वर आपली खळ. दोन्ही पूर्ण काढली तरच ते पाणी पितं. त्याची कसोटीही सरळ आहे : शोषक कापूस पाण्यावर सोडला की १० सेकंदांच्या आत बुडाला पाहिजे. ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स नियमांत सर्जिकल ड्रेसिंगचं वेगळं परिशिष्ट आहे, त्यात धाग्यांची संख्या, वजन, शोषण सगळं ठरलेलं आहे. एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय साधनं औषधासारखी नियमांखाली आली, त्यामुळं परवाना, नोंदी, स्वच्छ खोली याचा खर्च आहे. तो एकट्या मागवाल्याला झेपणारा नाही, चार-पाच जणांनी एकत्र यायला लागेल.

शिकायचं कुठं? कोईम्बतूरच्या सिट्रा या वस्त्रसंशोधन संस्थेत वैद्यकीय कापडाचं केंद्र आहे. केंद्र सरकारनं २०२० मध्ये १,४८० कोटींचं तांत्रिक वस्त्र अभियान काढलं होतं, त्यातही हा विभाग होता.

टाके_आणि_गाठी

काका, ऑपरेशनच्या मोठ्या गॉजमध्ये एक निळी तार विणलेली असते, बघितलीय का? त्या तारेच्या पॉलिमरमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेलं असतं, त्यामुळं ती एक्स-रेमध्ये दिसते. ऑपरेशन संपताना मोजणी जुळली नाही तर त्या एका तारेवरून कळतं की पोटात काही राहिलंय का. ती तार ताण्यात नेमकी, न तुटता, प्रत्येक तुकड्यात यायला हवी. हे काम विणकराचंच आहे.

अशोकचौक

ताण्यात वेगळी तार घेणं आमच्या हातचा मळ आहे. एक शेवटचं विचारतो : गॉज निर्जंतुक कसा करतात? गॅमा किरण देतात म्हणे. त्यानं सूत कमजोर होत नाही का?

माग_आणि_रेणू

होतं. गॅमा किरणांनी सेल्युलोजची साखळी मधेच तुटते, मात्रा जास्त तेवढी ताकद कमी. पॉलिप्रॉपिलिन तर ठिसूळ पडतं. म्हणून पदार्थागणिक पद्धत वेगळी. सुती गॉजला १२१ अंशांची दाबाखालची वाफ चालते, आपल्या रुग्णालयांतली ऑटोक्लेव्ह तीच. डॉक्टरताईंच्या व्हिक्रिलला वाफ चालत नाही, कारण पाणी आणि उष्णता दोन्ही त्याचे शत्रू. त्याला एथिलीन ऑक्साइड वायू देतात. तो वायू स्वतः विषारी असल्यानं नंतर माल हवेशीर ठेवून उरलेला अंश मोजावा लागतो. तुम्ही तुमच्याकडचा तीस काउंटचा एक ताका आणा. प्रयोगवही ताईंच्या विभागात ताण मोजायचं यंत्र असेल तर वाफेआधी आणि वाफेनंतर ताकद मोजून बघू.

प्रयोगवही

यंत्र आहे, सरांची परवानगी काढते. काका, ताका खळ न काढलेलाही आणा आणि धुतलेलाही. दोन्हींचे वाफेआधीचे आणि वाफेनंतरचे, असे चारही नमुने लागतील.